लेगो पोरीचा नाही, माझा आहे

खुंटीला_खुंटी · रविवार, रात्री १०:५२

मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

वय ४३. पुणे, सिंहगड रोड. काम हिशेबतपासणीचं. हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक काचेचं कपाट आहे आणि त्यात लेगोचे सेट मांडलेत, बारा-तेरा मोठे आणि फुटकळ बरेच. घरी येणारा प्रत्येक जण कपाटासमोर उभा राहून म्हणतो, "लेक हुशार आहे हो तुमची," आणि मी गेली नऊ वर्षं "हो ना, भारी नाद आहे तिला" म्हणत आलोय. तिला कसलाही नाद नाही. तिने शेवटचा ठोकळा हातात घेतला तेव्हा ती दुसरीत होती. नाद मला आहे.

आज बायकोचे मामा-मामी जेवायला आले होते. मामा रिटायर्ड हेडमास्तर, पोरगी यंदा दहावीला. मामांनी कपाट बघितलं आणि पुरी हातात धरूनच सुरू झाले, दहावीचं वर्ष, हे खेळ आता बंद, आमच्या वेळी असं, बोर्डाचा पेपर तसा. चांगली दहा मिनिटं. ती मान खाली घालून ऐकत होती, मधे एकदाच तिने माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा श्रीखंड वाढत होतो. मी अजून थोडं श्रीखंड वाढलं.

ते गेल्यावर ती समोर येऊन म्हणाली, "बाबा, यापुढे माझं नाव सांगायचं नाही. तुझं तू बघ." आणि खोलीचं दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सुरुवात तिच्यापासून झाली हे मात्र खरं. सहाव्या वाढदिवसाला कुणीतरी फायर इंजिनाचा छोटा सेट दिला होता, तिने अर्धा केला आणि झोपली, मी म्हटलं उरलेला करून ठेवू, सकाळी खूश होईल. केला. मग सोडवून परत केला. रात्रीचा दीड वाजला होता. दिवसभर मी दुसऱ्यांचे हिशेब जुळवतो, ते जुळत नाहीत, आणि इथे एक नंबरची पिशवी फोडली की शेवटी टेबलावर शिल्लक शून्य (दोन-चार बारके तुकडे मुद्दाम जास्तीचे देतात, ते सोडा).

सगळ्यात लाडका टाइपरायटर आहे. २०७९ तुकडे. कागदावर अक्षर उमटत नाही, पण कळ दाबली की आतली दांडी उचलते आणि वरचं कॅरेज घराघराने सरकतं, कट्, कट्, आवाजसुद्धा तसाच. माझे वडील कचेरीत टायपिस्ट होते. हा सेट २०२१ला आला, ते त्याआधीच गेले.

तर इथे असे कोणी आहेत का? ऑफिसात, सासरी, पाहुण्यांत कसं सांगितलंत? की सांगायचंच नाही?

---

चहाटळ · रविवार, रात्री ११:१४

पयला नंबर माझा.

शीर्षक वाचून वाटलं कस्टडीची केस आहे.

काका, तुम्ही निदान पोरीच्या मागे लपलात, मी कुठे लपू, माझं लग्नच नाही. मोठ्यांच्या सेटचे खोके २०२० पासून काळे कुळकुळीत येतात आणि वर ठसठशीत १८+ छापलेलं असतं. माझं पार्सल आलं त्याचं बाहेरचं पुठ्ठ्याचं खोकं फाटलेलं, आतून तो काळा कोपरा आणि १८+ एवढंच दिसतंय. आमच्या वॉचमनकाकांनी ते लोकसत्तात गुंडाळून ठेवलं, संध्याकाळी इकडेतिकडे बघून माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाले, "मी काही विचारलं नाही."

आत बोन्साय होतं. ८७८ तुकड्यांचं झाड. मी तिथेच गेटवर खोकं फोडून दाखवलं, त्यात गुलाबी बहर येतो ना तो कशाचा आहे माहितीये का, बेडकांचा. एवढेएवढे गुलाबी बेडूक फांद्यांना लावायचे, लांबून फुलं दिसतात. वॉचमनकाका अजून विचारतात, बेडूक कसे आहेत. माझं उघड होणं हे असं झालं, फार प्लॅनिंग नव्हतं.

---

अर्धा_कप · सोमवार, सकाळी ९:३१

आहोत आहोत. नाशिक, वय ३६, बाई. हे मुद्दाम लिहितेय कारण या विषयावर सगळे "दादा" म्हणूनच सुरू करतात.

या छंदातल्या मोठ्यांना जगभर अफोल म्हणतात आणि लहानपण संपल्यावर ठोकळे सुटतात ते परत हातात येईपर्यंतच्या काळाला डार्क एजेस. माझा अंधारकाळ बारावी ते लग्न. खरं सांगायचं तर लहानपणीसुद्धा लेगो माझा नव्हताच, तो शेजारच्या डॉक्टरांच्या मुलाचा होता, मला फक्त हात लावायची परवानगी होती.

आईला सांगायचं राहिलंच होतं. मग एका सहकाऱ्याने जर्मनीतून परत येताना मुलांचा जुना लेगो किलोवारी पिशवीत भरून मला दिला, चार किलो, सगळा सरमिसळ. धुऊन टॉवेलवर पसरला, पंख्याखाली वाळवला, मग निवडायला बसले. आई शेजारी येऊन बसली. काही बोलली नाही, आत गेली आणि परात घेऊन आली, तांदूळ निवडतो ती. दोन तास आम्ही निवडत होतो. बारीक गोल तुकड्यांना तिने मसाल्याचा जुना डबा दिला, सात वाट्यांत सात रंग. मग राखाडी ढिगाशी अडली. म्हणाली, "अगं हे दोन वेगळे आहेत, हा जरा मातकट आहे, हा निळसर."

मला अंगावर काटा आला हो. कारण ते खरंच दोन आहेत. २००४च्या सुमाराला कंपनीने राखाडी रंग बदलला, जुना पिवळसर छटेचा बंद करून निळसर आणला, आणि त्यावरून जगभरचे लोक चिडले होते कारण जुन्या किल्ल्याला नवी वीट लावली की ठिगळ दिसतं. आईला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. तिने पन्नास वर्षं डाळीतले खडे काढलेत बस्स.

त्यानंतर सांगायचं काही उरलंच नाही. आता आत्याबाईंना तीच सांगते, "आमच्याकडे जुना करडा वेगळा ठेवतात."

---

निवांत_नाना · सोमवार, सकाळी ११:०५

स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

छंद असावा, पण वयाला शोभेल असा. ४३ वर्षांच्या माणसाने हजारो रुपये घालून परदेशी प्लास्टिक गोळा करायचं आणि ते पोरीच्या नावावर खपवायचं याला कबुलीजबाब म्हणत नाहीत. आमच्या वेळी बागकाम, पेटी, ब्रिज असे छंद होते. पोस्टाची तिकिटं होती, त्यातून भूगोल कळायचा. यातून काय कळतं? चित्रात दाखवलंय तसं लावायचं. यात डोकं कुठे आहे?

आणि हे प्लास्टिक शेवटी जाणार कुठे, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

---

झेलम_एक्सप्रेस · सोमवार, दुपारी १:४८

नाना, आदर ठेवून असहमती.

दिवाळीत किल्ला कोण करतं आपल्याकडे? पोरं फक्त माती कालवतात. पोतं भिजवणं, तटबंदीचा कोन, बुरुज कुठे, अळीव कधी पेरायचं म्हणजे पाडव्यापर्यंत हिरवं दिसेल, हे सगळं बाप आणि काका लोक करतात आणि पोराने चुकून मावळा भलतीकडे ठेवला तर "हात लावू नकोस" म्हणून ओरडतात. गणपतीचा देखावा तेच. पन्नाशीतला माणूस रात्री दोन वाजता पुठ्ठ्याचा कळस कापत बसलेला असतो आणि घर त्याला चहा करून देतं. त्याला कोणी वय विचारत नाही. मग तोच माणूस कार्तिकात ठोकळे घेऊन बसला तर एकदम पोरकट?

पुण्यातच बघा. कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून, सिग्नलसकट अख्खं गाव मांडलंय. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या गोळा केल्या, जन्मभर, गावोगाव हिंडून, लोकांच्या दृष्टीने ती अडगळच होती. १९७५ला सरकारला देऊन टाकला सगळा संग्रह आणि आज आपण तिकीट काढून जातो. गंमत म्हणजे ते कविता 'अज्ञातवासी' नावाने करायचे. म्हणजे कविता लपवल्या, अडकित्ते नाही लपवले :)

"चित्रात दाखवलंय तसं" याबद्दल, पुस्तिकेबरहुकूम करणं ही फक्त पहिली पायरी आहे. पुढे लोक आपलं आपलं डिझाइन करतात, त्याला मॉक म्हणतात. मी शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा करतोय दीड वर्षं. दाराचे अणकुचीदार खिळे कशाने करायचे तिथे अडलंय. सध्या चेटकिणीच्या टोप्या लावून बघतोय.

---

चहाटळ · सोमवार, दुपारी २:०२

शनिवारवाड्याला चेटकिणीच्या टोप्या. इतिहासप्रेमी येतायत, धागा वाचनखूण करून ठेवतो.

---

रोखठोक_रेवती · सोमवार, रात्री ९:२०

मी पलीकडच्या बाजूची. माझ्या नवऱ्याला हाच छंद आहे.

खुंटीला_खुंटी, तुम्ही पाहुण्यांना काय सांगता हा तुमचा प्रश्न. मला एवढंच विचारायचंय की घरात पैशाचं खरं सांगता का? कारण माझा राग ठोकळ्यांवर कधीच नव्हता. लग्नानंतर दोन वर्षांनी मला त्याच्या वेगळ्या क्रेडिट कार्डाचं बिल सापडलं, तोपर्यंत मला सांगितलं होतं की "मित्राने दिला", "सेलमध्ये स्वस्त होता", "ऑफिसात लकी ड्रॉ लागला". तीन लकी ड्रॉ. मी नंतर बसून मोजले. एकाही वर्षी आमची फ्रीजची गरज कुणाच्या लकी ड्रॉमध्ये निघाली नाही.

भांडण जोरदार झालं. त्यात तो म्हणाला, "तू हसशील म्हणून सांगितलं नाही." हे ऐकून मला जास्त राग आला, कारण मी हसले असते हे खरं होतं, आणि मग दुसऱ्या दिवशी गप्प बसले असते हेही खरं होतं.

आता महिन्याची रक्कम ठरलेली आहे, वर्षाला एक मोठा सेट, आणि नवीन आला की जुना एक विकायचा कारण घर दोन खोल्यांचं आहे. वहीत लिहितो तो. माझ्या साड्यांचंही त्याच वहीत आहे, लिहायला मीच सांगितलं, फिट्टमफाट.

आणि मुलीला कव्हर म्हणून वापरलंत ते अजिबात आवडलं नाही. तिची माफी मागा. तिच्या वाट्याचं बोलणं खाल्लंय तिने, तेही नऊ वर्षं.

---

खुंटीला_खुंटी · सोमवार, रात्री ११:३६

रेवतीताई, लागलं. बरोबर बोललात.

बायकोला छंद माहिती आहे. किमती माहिती आहेत. म्हणजे, जुन्या किमती माहिती आहेत. २०२०च्या बजेटात खेळण्यांवरची आयात ड्युटी २० टक्क्यांवरून ६० केली आणि २०२३ला ७०, हे मी तिला कधी तपशिलात सांगितलं नाही. तिच्या डोक्यात अजून २०१९चे भाव आहेत.

हिशेबतपासनीस असून हे लिहायला लाज वाटतेय. या रविवारी वही करतो.

---

शेअरबाजारी_शशी · मंगळवार, सकाळी ८:१०

एवढं कशाला टेन्शन, सरळ "गुंतवणूक" म्हणा ना. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासात आलंय, १९८७ ते २०१५ मधले बंद झालेले सेट तपासले तर दुसऱ्या बाजारात वर्षाला सरासरी ११ टक्के परतावा. एफडी काय देते? सासऱ्यांना हा आकडा टाका, गप्प होतात.

---

अर्धा_कप · मंगळवार, सकाळी १०:४४

शशीभाऊ, तो परतावा न फोडलेल्या खोक्याचा आहे हो. मी फोडते. फोडण्यासाठीच घेते.

आणि खोकं सांभाळणाऱ्यांचं पण ऐका. २००८ला ताजमहाल आला होता, ५,९२२ तुकडे, तेव्हाचा सगळ्यात मोठा. बंद झाल्यावर सीलबंद खोक्याचे भाव असे चढले की लोक माळ्यावर ठेवून स्वप्नं बघायला लागले. २०१७ला कंपनीने जवळपास तोच परत काढला, नवा नंबर, ५,९२३ तुकडे, एक तुकडा जास्त :) माळ्यावरचे भाव धाडकन खाली.

एक खोटं झाकायला दुसरं कशाला. "पोरीचा आहे" आणि "गुंतवणूक आहे" यात मला फरक दिसत नाही. आवडतं म्हणून घेतो एवढं वाक्य तोंडातून का निघत नाही आपल्या?

---

लग्नाळू_लातूरकर · मंगळवार, दुपारी १२:१५

धागा हायजॅक करतोय, माफी. वय २९, प्रोफाइलवर छंद लिहिलेत वाचन आणि ट्रेकिंग. वाचन म्हणजे लेगोच्या पुस्तिका आणि ट्रेकिंग म्हणजे रात्री लाईट न लावता पाणी प्यायला जाताना तळव्याखाली वीट येणं. पुढच्या आठवड्यात बघण्याचा कार्यक्रम आहे. सांगू का? आई म्हणते तोंड उघडायचं नाही, साखरपुडा होऊ दे.

---

अर्धा_कप · मंगळवार, दुपारी १२:५०

लातूरकर, सांगा. मी सांगितलं होतं. एक स्थळ "सो क्यूट" म्हणालं आणि मोठ्याने हसलं, मग त्याच्या आईला हाक मारून सांगितलं, मग ती पण हसली. क्यूट शब्द तेव्हापासून डोक्यात जातो. दुसऱ्याने विचारलं, "मोजून येतात का तुकडे? एखादा कमी निघाला तर काय करायचं?" मी म्हटलं कंपनीला कळवलं की पाठवतात, पण बहुतेक वेळा तो आपल्याच मांडीखाली असतो. त्याच्याशी लग्न केलं. त्याने आजवर एकही सेट जोडला नाही, पण हरवलेला तुकडा शोधायला मोबाइलचा टॉर्च लावून आडवा होतो.

---

दूरदेशीची_दुर्गा · मंगळवार, रात्री ११:५८

उशिरा आले, डेन्मार्कात असते, ऑरहूसजवळ.

इथून बिलुंड गाडीने तास-सव्वा तास. छोटंसं गाव, तिथे ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाच्या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली कारण मंदीत घरबांधणीची कामं मिळत नव्हती. नाव 'लेग गोड्ट' वरून, म्हणजे छान खेळ. आजची वीट, खाली नळ्या असलेली, तिचं पेटंट २८ जानेवारी १९५८चं, आणि त्या सालची वीट आजच्या विटेला बसते. माझ्या सासूबाईंच्या (डॅनिश आहेत) तळघरातली आम्ही लावून बघितली, रंग उडालाय पण पकड आहे.

तिथे लेगो हाऊस आहे, २०१७ला उघडलं. अगदी वरच्या मजल्यावर कंपनीची नाही तर छंदिष्ट मोठ्या माणसांनी घरी केलेली कामं मांडलेली असतात, खाली पाटी. तिथे गेलं की एक मशीन आपल्यासमोर विटा पाडतं आणि सहा लाल विटांचं पाकीट हातात मिळतं, सोबत एक कार्ड, त्यावर त्या सहा विटा जोडायची एक पद्धत छापलेली, ती फक्त तुमची. कारण आठ खुंट्यांच्या सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. नाना, तुम्ही विचारलंत डोकं कुठे आहे, ते या आकड्यात आहे. पुण्याहून बाबा आले होते तेव्हा त्यांना नेलं. ७४ वर्षं वय. ते पाकीट त्यांनी फोडलं नाही, देवघरातल्या ड्रॉवरमध्ये आहे, कार्ड मात्र खिशातल्या पैशाच्या पाकिटात ठेवून लोकांना दाखवतात.

इथे लपवायची पद्धत नाही म्हणतात, पण तेही अर्धंच खरं. माझा टीम लीड ऑफिसात सगळ्यांना कयाकिंगचं सांगतो, ठोकळ्यांचं मला ख्रिसमस पार्टीत तिसऱ्या ग्लासानंतर कळलं.

---

निवांत_नाना · बुधवार, सकाळी ६:४०

आकडा चांगला आहे. प्लास्टिकच्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

---

झेलम_एक्सप्रेस · बुधवार, सकाळी ९:१५

देतो. वीट एबीएस प्लास्टिकची, १९६३ पासून. कंपनीने २०२१ला जुन्या बाटल्यांच्या प्लास्टिकची वीट करून दाखवली होती, खूप गाजावाजा झाला, आणि २०२३ला तो नाद सोडला, कारण हिशेब केला तर कारखान्यातली सगळी यंत्रं बदलून कार्बन उलट वाढत होता. आतल्या पिशव्या मात्र हळूहळू कागदाच्या होतायत. तेव्हा प्रश्न सुटलेला नाही. आपल्याकडून एवढंच, की हे फेकलं जात नाही, वर चार किलोची पिशवी जर्मनीतून नाशिकला आलीच की.

---

निवांत_नाना · बुधवार, सकाळी ९:२२

म्हणजे माझा मुद्दा बरोबर होता. धन्यवाद.

---

चहाटळ · बुधवार, सकाळी ९:२४

नाना १, धागा ०.

---

खुंटीला_खुंटी · तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०:१०

धागा वर काढतोय. सगळ्यांचे आभार, वृत्तांत देणं लागतो.

वही केली. बायकोने आकडे वाचले, चष्मा काढला, परत लावला, परत वाचले. मग म्हणाली, "टाइपरायटर ठेव. बाकीचं बोलू." बोलणी चालू आहेत. दोन सेट विकायला काढतोय.

पोरीची माफी मागितली. ती म्हणाली, "ठीके, पण मामांना तूच सांगायचं." त्याच संध्याकाळी फोन लावला. म्हटलं मामा, ते कपाटातले ठोकळे तिचे नाहीत, माझे आहेत, मीच जोडतो. पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कट झाला. मग मामा म्हणाले, "मग त्या पोरीला मी उगाच बोललो." तिला फोनवर बोलावून हेडमास्तर "चुकलं माझं" म्हणाले, मी शेजारीच उभा होतो. मला काहीच बोलले नाहीत, माझा विषयच नव्हता.

ऑफिसातलं फार मोठं झालं नाही. व्हिडिओ कॉलला कॅमेरा कपाटाकडे फिरवून बसलो. एकाने विचारलं, मी म्हटलं माझे आहेत, तो म्हणाला ओके, पुढची स्लाइड. नऊ वर्षं मी या "ओके"ला घाबरत होतो.

खरी गोष्ट आजची आहे. सासरे आले होते. रेल्वेत पीडब्ल्यूआय (रुळांची देखभाल बघणारे इन्स्पेक्टर) होते, म्हणजे उभं आयुष्य रुळांवर पायी. मी आज मुद्दाम गाडीचा सेट जमिनीवर मांडला होता. ते सोफ्यावरून उठले, गुडघे धरत खाली बसले आणि पहिला प्रश्न, "गेज किती?" मी म्हटलं दोन रुळांमध्ये साडेसदतीस मिलिमीटर. खिशातून पेन काढून पेपरच्या समासात भागाकार केला. ब्रॉडगेज १,६७६. "म्हणजे ४५ला एक धर." मग वळणाकडे बघितलं. १६ तुकड्यांचं पूर्ण वर्तुळ होतं, त्रिज्या ३२ सेंटिमीटर. परत गुणाकार. "तुझं वळण १४.४ मीटरचं झालं. ब्रॉडगेजला १७५च्या आत परवानगी नाही. पहिलीच गाडी जाईल शेतात." मग बाहेरच्या रुळाला बोट लावून, "आणि कॅन्ट कुठाय?" वळणावर बाहेरचा रूळ उचललेला असतो तो. मी म्हटलं, अप्पा, हे खेळण्यातलं आहे. त्यांनी चष्म्यावरून असं बघितलं माझ्याकडे की मी निमूट बाहेरच्या बाजूला एकेक प्लेट, म्हणजे चपटा ठोकळा, सरकवायला लागलो, ३.२ मिलिमीटर.

१७५ मीटर बसवायचे तर त्रिज्या जवळपास चार मीटर लागते, म्हणजे वर्तुळ थेट शेजाऱ्यांच्या बेडरूममधून जाईल. मधला मार्ग म्हणून मोठ्या त्रिज्येचे रूळ हवेत, ते कंपनी करत नाही पण काही छंदिष्ट लोक करून विकतात असं ऐकलंय. कोणाकडे जास्तीचे असतील, जुन्या राखाडीतले असले तरी चालतील, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अप्पा पुढच्या रविवारी फूटपट्टी घेऊन येतायत.